तिथली माणसं मोकळी की बांधलेली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

चोपडा तालुक्यातल्या 61 वर्षांच्या एका केळी बागायतदारांनी लिहिलं आहे. त्यांचा मुलगा शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथेच नोकरीला लागला. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली, आता तो नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. गेल्या वर्षी हे भाऊ आणि त्यांच्या पत्नी चार महिने ओहायोत मुलाकडे राहून आले. शेजारी साठीचा एक गृहस्थ होता. गुडघा इतका बिघडलेला, की पायरी उतरताना कठडा धरून थांबायचा. तरी रोज पहाटे गोदामात कामाला जायचा, कारण नोकरी गेली तर आरोग्य विमाही जाणार. याच माणसाने राज्याच्या गव्हर्नरविरुद्ध भलीमोठी पाटी अंगणात लावली होती आणि चार महिन्यांत त्याला कुणी हटकलं नाही. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे घरी जमले तेव्हा यावरून वाद पेटला. धुळ्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पुतण्या म्हणाला, “आप्पा, त्या बठ्ठा गुलामच शेतस” (ते सगळे गुलामच आहेत). जळगावचे मेहुणे म्हणाले, खरं स्वातंत्र्य तिकडेच आहे, इथे काय ठेवलंय? पत्नीचं म्हणणं, मन मोकळं असलं की झालं. आणि मुलगा फोनवर म्हणतो, “आप्पा, तुम्ही सांगाल तसं करतो.” याच मुलाने बहिणीचं लग्न केलं, मळ्यात घर बांधलं, पाइपलाइन टाकून दिली. भाऊंचा प्रश्न: तिथले नागरिक खरोखर स्वतंत्र आहेत की दडपलेले? मुलाला काय सांगू? आणि अगदी शेवटी, एका ओळीत: त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं तर आपल्या जमिनीचं काय?

भाऊ, नमस्कार.

शेजाऱ्याचा गुडघाही तुम्ही पाहिलात आणि त्याची पाटीही. या विषयावर तावातावाने बोलणारे बहुतेक जण दोन्हींपैकी एकच पाहून येतात. तुमच्या सांगण्यातून पुतण्याने गुडघा उचलला, मेहुण्यांनी पाटी उचलली, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवत बसले. खरं तर दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच तो वाद मिटला नाही, आणि तसाच घातला तर पुढच्या आखाजीलाही मिटणार नाही.

अडचण प्रश्नातच आहे. ‘स्वतंत्र की दडपलेले’ असं विचारलं की तेहेतीस-चौतीस कोटी लोकांच्या कपाळावर एकच शिक्का मारावा लागतो. त्याऐवजी मी एका माणसाला समोर धरून विचारेन: हा कुणाकुणाला ‘नाही’ म्हणू शकतो, आणि प्रत्येक ‘नाही’ त्याला केवढ्याला पडतं?

तुमच्या ओहायोच्या शेजाऱ्यालाच विचारू. गव्हर्नरला ‘नाही’ म्हणणं त्याला एका पाटीच्या खर्चात पडलं. हे फार मोठं आहे. 1791 मध्ये तिथल्या राज्यघटनेला पहिली दुरुस्ती झाली आणि बोलण्याच्या, छापण्याच्या, जमण्याच्या हक्कावर सरकारने गदा आणायची नाही असं ठरलं. त्या हक्कासाठी नंतर पिढ्यान्‌पिढ्या लोक कोर्टात भांडले, तुरुंगात गेले, तेव्हा कुठे तो एका गोदाम कामगाराच्या अंगणापर्यंत पोहोचला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्थानिक पुढाऱ्याबद्दल दोन ओळी लिहिताना आपल्याकडे माणूस किती वेळा खोडतो आणि पुन्हा लिहितो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मेहुण्यांना यात जे दिसलं ते खोटं नाही.

आता गोदामाच्या मालकाला ‘नाही’ म्हणणं. “गुडघा दुखतो, मला बसून करायचं काम द्या, नाहीतर मी चाललो,” असं तो का म्हणू शकत नाही? तिथे विमा नोकरीला कसा चिकटला, हे पुतण्याला जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, महागाई आवरायला सरकारने पगार गोठवले. कंपन्यांना माणसं तर हवी होती, पण पगार वाढवता येईना. मग त्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. त्यावर कर लागत नसल्याने तो सगळ्यांनाच परवडला आणि रुळला. युद्ध संपलं, व्यवस्था राहिली. साठीच्या माणसाच्या औषधाची चावी मालकाच्या खिशात जाऊन बसली ती अशी. 1965 मध्ये 65 वर्षांपुढच्यांसाठी सरकारी विमा आला. तुमचा शेजारी गुडघा ओढत दिवस ढकलतोय तो बहुधा त्या 65 व्या वाढदिवसाकडे नजर लावून. 2010 च्या कायद्याने आणखी थोडं सैल झालं. आता नोकरीबाहेरही विमा विकत घेता येतो आणि आधीपासून आजार आहे म्हणून कंपनी हात वर करू शकत नाही. तरी साठी ओलांडलेल्याला तरुणाच्या तिपटीपर्यंत हप्ता लावायला तोच कायदा मोकळीक देतो. म्हणजे वाट आहे, पण महाग आहे.

शिवाय तिथल्या जवळजवळ सगळ्या राज्यांत मालक कारण न देता कामावरून काढू शकतो. वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून काढायला बंदी आहे, पण ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायला कारण लागत नाही. बाळंतपणाला देशभर लागू असलेली पगारी रजा नाही. 1993 च्या कायद्याने 12 आठवडे बिनपगारी मिळतात, त्याही 50 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. आपल्याकडे 2017 पासून कायद्यात 26 आठवडे पगारी आहेत. हे वाचून छाती फुगवण्याआधी आपल्या मळ्यात घड वाहणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईला त्यातलं काय मिळतं ते बघा. तिला एक दिवसही मिळत नाही.

शिक्षणाचं कर्ज हे तिसरं. चार कोटींहून जास्त अमेरिकन लोकांच्या डोक्यावर ते आहे आणि दिवाळखोरी जाहीर करूनही ते सहजासहजी सुटत नाही. बाविशीत डोक्यावर कर्ज घेऊन बाहेर पडलेली मुलगी आवडीचं पण कमी पगाराचं काम घेऊ शकत नाही. कायदा तिला अडवत नाही, हप्ता अडवतो. पुतण्या ‘गुलाम’ म्हणाला तेव्हा त्याला हेच म्हणायचं असावं.

तरीही तो शब्द मला मान्य नाही, आणि का ते त्याला नीट समजावून सांगा. त्या देशात 1865 पर्यंत माणसं खरोखर विकली जात होती. आईपासून मूल तोडून बाजारात उभं केलं जात होतं. तेराव्या घटनादुरुस्तीने ते थांबलं. त्यानंतरही दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या नागरिकांना मत देऊ नये म्हणून परीक्षा, कर, धमक्या आणि फाशीचा दोर असं सगळं वापरलं गेलं. कायद्याचं पक्कं संरक्षण मिळायला 1965 साल उजाडलं. ज्या मातीत हे घडलं तिथे घराचा हप्ता भरणाऱ्या इंजिनिअरला गुलाम म्हणणं म्हणजे त्या माणसांचं दुःख स्वस्त करणं.

पुतण्याला दडपशाहीच शोधायची असेल तर योग्य ठिकाणी शोधायला सांगा. त्याच तेराव्या दुरुस्तीत एक फट आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालतं. अमेरिकेत जवळपास 20 लाख माणसं गजाआड आहेत, आणि त्यांत काळ्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे. गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली की बहुतेक राज्यांत निदान तुरुंगात असेपर्यंत मत जातं, काही ठिकाणी तर सुटल्यावरही लगेच परत मिळत नाही. मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्यं मात्र कैद्यालाही मत देऊ देतात. श्रीमंत लोकशाहीत दडपशाही असते, पण ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. तुमच्या मुलाच्या कॉलनीतून ती दिसणारही नाही.

इथे मला तुम्हाला आपल्याच ओट्यावर आणावंसं वाटतं. आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. त्याच दिवशी सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, हिशोबही होतो. माझ्या लहानपणी आमच्या ओट्यावर तो मी पाहिला आहे. सालदार सकाळी धुतलेलं धोतर नेसून यायचा आणि पायरीवर बसायचा, वर नाही. वही उघडली जायची. पोरीच्या लग्नाला घेतलेली उचल, दवाखान्याला घेतलेली उचल, नेलेली ज्वारी, मग खाडे. आजारी पडला तो खाडा, भाऊ वारला तेव्हा गावी गेला तो खाडा. बेरीज व्हायची आणि सालाच्या शेवटी त्याच्याकडेच काही निघायचं. ते फेडायला पुढचं साल ठरायचं. कुणी दरडावायचं नाही, कुणी हात उगारायचा नाही. पान खाऊन उठताना तो नमस्कारही करायचा. या माणसाला 1952 च्या पहिल्या निवडणुकीपासून मत होतं, आणि मालकाच्या मताइतकीच त्याची किंमत होती. पण वही मिटताना ‘नाही’ म्हणायची ताकद त्याच्यात नव्हती.

ओहायोतल्या तुमच्या शेजाऱ्याला आणि या सालदाराला मी एका पायरीवर बसवत नाही. एकाकडे स्वतःचं घर, गाडी आणि दारात येऊन ठेपलेली पेन्शन आहे. दुसऱ्याकडे अंगावरचं धोतर होतं. पण गाठ मारायची पद्धत एकच आहे: ज्या गोष्टीवाचून घर चालत नाही ती एकाच माणसाच्या हातात द्यायची. मग त्या माणसाने काही केलं नाही तरी समोरचा गप्प राहतो.

ही गाठ सुटली कशी, तेही आपल्याच भागात घडलेलं आहे. शहादा भागात आदिवासी सालदार आणि शेतमजूर साठीच्या दशकाच्या शेवटी एकत्र येऊ लागले. अंबरसिंग सुरतवंती त्यांच्यात उभे राहिले, 1972 मध्ये श्रमिक संघटना आली. सभा, मोर्चे, मजुरीसाठी संप, हातून गेलेल्या जमिनींचा हक्क मागणं, बायकांनी दारूविरुद्ध उठणं, हे सगळं तिथे झालं. मार खाऊन झालं. पण जमण्याचा, बोलण्याचा, संघटना काढण्याचा हक्क घटनेच्या कागदावर होता, म्हणून पायाखाली थोडी तरी जमीन होती. म्हणून अंगणातली पाटी म्हणजे नुसती शोभा, असं पुतण्या म्हणाला तर त्याला शहाद्याची आठवण द्या. पोटाची गाठ सोडवायला तोंड मोकळं लागतं. आणि पाटी आहे म्हणजे सगळं आलं, असं मेहुणे म्हणाले तर त्यांना पायरीवरचा सालदार दाखवा. मत होतं, पण त्याच्या जोरावर वहीतला एक खाडा खोडता येत नव्हता.

तोंड मोकळं असून गाठ सुटत का नाही, हाही प्रश्न तिथे आहेच. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना आणि संघटनांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तेवढा पैसा खर्च करायला मोकळीक दिली. बोलायला सगळ्यांना परवानगी आहे, पण एकाच्या हातात पाटी आणि दुसऱ्याच्या हातात अख्खी वाहिनी. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा मंगळवार 1845 च्या कायद्याने ठरला. रविवारची प्रार्थना आटोपून घोडागाडीने मतदानाच्या गावी पोचायला शेतकऱ्याला एक दिवस मिळावा, असा त्यात हिशोब होता. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला आणि देशभर सुट्टी नाही. तासावर पगार मिळणाऱ्याने रांगेत दोन तास घालवायचे म्हणजे पदरचे पैसे घालायचे. आपल्याकडे मतदानाला भरपगारी सुट्टी कायद्याने आहे. दुसरीकडे, 2013 मध्ये सरकार कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी गुपचूप गोळा करतंय हे बाहेर आलं, त्यावर रान उठलं आणि 2015 मध्ये ती पद्धत कायद्याने बंद करावी लागली. चाललं ते वाईट होतं, पण ते उघड झालं आणि बदललं. हुकूमशाहीत यातलं दुसरं घडत नाही.

‘श्रीमंत लोकशाही’ म्हणजे फक्त अमेरिका, असं धरू नका. डेन्मार्कमध्ये दवाखान्याचा नोकरीशी संबंध नाही, कर मात्र जबर आहेत. म्हणजे तिथे मालकाला ‘नाही’ म्हणणं स्वस्त, सरकारला पैसे न देणं अशक्य. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत, जुन्या लोकशाहीत बायकांना देशपातळीवर मत मिळालं 1971 मध्ये. आपल्या आज्या त्याआधी वीस वर्षं मत देत होत्या. पैशाबरोबर सगळी स्वातंत्र्यं आपोआप येत नाहीत, आणि गरिबीत सगळी नसतात असंही नाही.

वहिनी म्हणतात मन मोकळं असलं की झालं. त्यांचं म्हणणं मी वरवर घेत नाही. 1932 मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत होते. साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्या भिंतींच्या आत त्यांच्याइतकी मोकळी माणसं बाहेरही फार नसतील. पण ती माणसं तुरुंगात गेली होती ती बाहेरचं कुलूप निघावं म्हणून. मन मोकळं आहे, आता कुलूप असलं तरी चालेल, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. गुडघा दुखणाऱ्या शेजाऱ्याला मनःशांती जरूर लाभो, पण त्याचं ऑपरेशनही व्हायला हवं.

आता मुलाकडे वळू. भाऊ, तुमच्या पत्रात एक गृहीत दडलेलं आहे: आधी त्या देशाचा निकाल लावायचा, मग मुलाला हो किंवा नाही सांगायचं. तसं करू नका. नागरिकत्व घेतल्याने त्याच्या कुठल्या ‘नाही’ची किंमत बदलते, एवढंच पाहा.

सरकारला ‘नाही’ म्हणण्याची किंमत उतरते. ग्रीन कार्डवाल्यालाही बोलायचा हक्क आहे, पण काही बिनसलं तर देशाबाहेर काढलं जाण्याची भीती त्याच्या डोक्यावर कायम असते. नागरिकाला ती जवळजवळ नसते. शिवाय त्याला मत मिळतं. इतकी वर्षं तो तिथे कर भरतोय आणि त्या कराचं काय करायचं यात त्याला शब्द नाही, ही गोष्ट मला तरी खटकते. मालकाला ‘नाही’ म्हणण्याची किंमत मात्र जिथल्या तिथे राहते. त्याची विम्याची गाठ नव्या पासपोर्टने सुटणार नाही. पासपोर्ट मिळाला की आपलं पोरगं सुटलं, असं मेहुण्यांना वाटत असेल तर ते चूक आहे.

आणि एक गोष्ट जी तुमच्या मनात उलटी बसली असावी. नागरिक झाला की पोरगा कायमचा तिकडचा झाला, अशी भीती पत्रभर जाणवते. ग्रीन कार्डवर असताना तो वर्षाहून जास्त काळ चोपड्याला राहिला, तर विशेष परवाना घेतल्याशिवाय ते कार्ड धोक्यात येतं. सहा महिन्यांपुढेच प्रश्न सुरू होतात. नागरिकाला अशी मुदत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथे येण्या-राहण्याची कायमची मुभा देणारं) काढून तो उद्या तुमच्या आजारपणात दोन वर्षं इथे राहिला तरी परतीचं दार बंद होत नाही. त्याच्यासाठी इकडे येणं सोपं होईल.

जातं काय, तेही स्वच्छ पाहा. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडची शपथ घेतली की इथलं नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो. आज तो परदेशी राहणारा भारतीय म्हणून मतदार यादीत नाव लावून इथे प्रत्यक्ष येऊन मत देऊ शकतो, ते जाईल. निवडणूक लढवता येणार नाही. माहितीचा अधिकार नागरिकांसाठी आहे, तोही जाईल. तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत अर्ज टाकून हिशोब मागण्याची त्याला आवड असेल तर ही छोटी गोष्ट नाही. हे त्याला मोजू द्या, तुम्ही त्याच्या वतीने मोजू नका.

‘तुम्ही सांगाल तसं करतो’ हे त्याचं वाक्य तुम्हाला मुलाचा आदर म्हणून गोड वाटलं असेल, आणि तो आदर खराच आहे. पण चाळिशीकडे आलेला माणूस बापाला ‘नाही’ म्हणू शकतो का, हेही त्याच मापाने मोजायला हवं. लग्न, घर, पाइपलाइन हे त्याने आनंदाने केलं असेल. तरी मेहुणे म्हणतात तसं तिकडे स्वातंत्र्य आणि पुतण्या म्हणतो तशी तिकडे गुलामी, यांच्यात एक तिसरी शक्यता आहे: तो ती नोकरी सोडू शकत नाही याच्या कारणांमध्ये आपण किती आहोत? हे दोष म्हणून विचारत नाही. ज्या घरांतून दरमहा पैसे येतात अशा खान्देशातल्या प्रत्येक घराने एकदा तरी विचारावा असा हा प्रश्न आहे.

म्हणून पुढच्या फोनवर सल्ला देण्याआधी त्याला विचारा. नोकरी उद्या सुटली तर घर किती महिने चालेल? विमा कुणाच्या नावावर, सूनबाईंच्या नोकरीतून मिळू शकतो का? साहेबाला शेवटचं ‘जमणार नाही’ कधी म्हणालास? आमच्याकडे पाठवायचे पैसे वर्षभर थांबवले तर तुला काय करता येईल? शेवटचा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा, वहिनींवर सोडू नका. त्याने सहा-आठ महिन्यांच्या खर्चाची शिल्लक बाजूला ठेवली तर कुठल्याही पासपोर्टपेक्षा त्याला जास्त मोकळं वाटेल. तीच शिल्लक इथे धुळ्यात राहणाऱ्या तुमच्या पुतण्यालाही लागेल, परीक्षा पास झाला तरी आणि नाही झाला तरी.

माझं मत विचाराल तर, राहायचं तिथेच असेल तर त्याने नागरिकत्व घ्यावं. ज्या गावात राहतो त्या गावच्या कारभारात माणसाचा आवाज असावा, मग तो आवाज शेजाऱ्याच्या विम्यासाठीही लागेल. पाच-सात वर्षांत परत येऊन शेती वाढवायची असेल तर थांबावं. का, ते जमिनीच्या प्रश्नात येतं.

जमिनीबद्दल घाबरू नका, पण दोन गोष्टी पक्क्या करा. परकीय चलनाच्या नियमांनुसार परदेशात राहणारा भारतीय असो की ओसीआय कार्डवाला, दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे ही अडचण आजही आहे, नागरिकत्वाने ती नव्याने येत नाही. वारसाहक्काने शेतजमीन दोघांनाही मिळू शकते, आणि ती विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. फरक पडतो तो परत आल्यावर. भारतीय नागरिक म्हणून कायमचा परतला तर तो शेतकरी म्हणून पुन्हा जमीन घेऊ शकतो, ओसीआयवर परतला तर तो रस्ता तितका मोकळा नसतो. उत्पन्नाचंही लक्षात ठेवा: शेतीचं उत्पन्न इथे आयकरमुक्त असलं तरी त्याच्या नावावर आलेलं केळीचं उत्पन्न तिकडच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, ग्रीन कार्डवर असतानाही.

सातबाऱ्यावर बहिणीचाही वारसाहक्क आहे हे मुलगा आणि मुलगी दोघांसमोर एकदा बोलून घ्या, आणि मृत्युपत्र करायचं तर दोघांना माहीत असू द्या. शपथ घेण्याआधी घाईघाईने मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, असं कुणी सुचवलं असेल तर तिथे थांबा. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन बक्षीस देणं त्या नियमांत बसत नाही. वारसा चालतो, बक्षीस चालत नाही. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी परकीय चलनाचे नियम कळणाऱ्या वकिलाला तो दाखवा, आणि मुलालाही त्या बैठकीला फोनवर घ्या.